कुत्रा पाळणे आणि व्रत पाळणे



नामदेवराय आणि कुत्र्याची कथा आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? कीर्तनात, प्रवचनात, लहानपणी आजीच्या मांडीवर ती आपण कितीतरी वेळा ऐकली. कुत्र्याने पोळी तोंडात धरून पळ काढला. दुसरा कोणी असता तर काठी उचलली असती. नामदेवराय मात्र तुपाची वाटी हातात घेऊन त्याच्या मागे धावले. देवाने कोरडी पोळी खाऊ नये एवढीच त्यांची तळमळ होती. कथा संपली की आपण टाळ्या वाजवतो, डोळे पुसतो आणि म्हणतो, पाहा, संतांना कुत्र्यातही पांडुरंग दिसला!

मीही वर्षानुवर्षे असेच म्हणत आलो. माझ्याकडे एक गावठी कुत्रा आहे, मोत्या नावाचा. त्याला रोज भाकरी घालताना ही कथा मनात यायची आणि आपण संतांच्या वाटेवर दोन पावले तरी चाललो आहोत, असे वाटून बरे वाटायचे. ते समाधान किती अपुरे होते, हे एका सकाळी कळले. तीच हकिकत आज तुमच्यापुढे ठेवतो. ती सांगताना लाज वाटते, पण आपल्या परंपरेत स्वतःचा दोष संतसज्जनांपुढे मांडण्याला कमीपणा मानत नाहीत.

रत्नागिरीजवळचा भाट्याचा किनारा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. एका बाजूला सुरूचे बन, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे लांबच लांब वाळू. पहाटे तिथे फिरायला येणारे बरेच. कार्तिक महिना होता. आषाढात आपल्याकडे लावणीची घाई असते, म्हणून कोकणातल्या पुष्कळ माळकऱ्यांची पंढरी कार्तिकीलाच घडते. भात घरात आलेले असते, मन मोकळे असते. आमच्या आळीतल्या एक वृद्ध आजी दरवर्षी न चुकता कार्तिकीला जात. त्या वेळीही त्यांची पिशवी भरून तयार होती आणि चार दिवसांनी निघायचे होते. पायांना सवय राहावी म्हणून त्या अनवाणी, ओल्या वाळूतून, नाम घेत चालत होत्या.

किनारा मोकळा आहे असे पाहून मी मोत्याचा पट्टा सोडला होता. तो आनंदाने धावत सुटला आणि सरळ आजींच्या अंगावर गेला. चावला नाही, भुंकलाही नाही. त्याला खेळायचे होते, म्हणून त्याने दोन पाय त्यांच्या पदरावर टेकले. आजी दचकल्या, मागे सरकल्या आणि हातावर पडल्या. हे सारे घडत असताना मी लांबून काय करत होतो? कुत्रा पाळणारे सगळे जे करतात तेच. जागेवर उभा राहून ओरडत होतो, “घाबरू नका आजी, तो काही करत नाही!”

मनगट मोडले. प्लास्टर बसले. त्या वर्षीची त्यांची कार्तिकी चुकली.

मी भेटायला गेलो तेव्हा काय बोलावे ते सुचेना. मोत्याला मारले नाहीस ना, हे त्यांनी आधी विचारले. मग म्हणाल्या, “त्याचा राग नाही रे बाबा, त्या मुक्या जिवाला काय कळतंय? पण एक सांग. नामदेवराय कुत्र्यामागे धावले. तू का नाही धावलास?”

माउली, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. पण त्यानंतर मी त्यावर बराच विचार केला, आणि तुम्हीही तो करावा म्हणून हा लेख.

आपल्या भाषेत ‘पाळणे’ हा शब्द फार सुंदर आहे. आपण कुत्रा पाळतो, गाय पाळतो. त्याच तोंडाने आपण एकादशी पाळतो, नेम पाळतो, शब्द पाळतो, पथ्य पाळतो. क्रियापद एकच. आता विचार करा, एकादशी पाळणे म्हणजे काय? एकादशी आवडते असे म्हणणे म्हणजे पाळणे नव्हे. आवडो न आवडो, भूक लागो न लागो, त्या दिवशी ठरलेले करणे आणि ठरलेले टाळणे म्हणजे पाळणे. त्यात सातत्य आहे, संयम आहे आणि आपल्या इच्छेला घातलेली मर्यादा आहे. मग कुत्रा ‘पाळतो’ असे म्हणताना त्याचा अर्थ नुसता ‘आवडतो’ एवढाच कसा उरला? माझ्या आवडीमुळे आजींची वारी चुकली. मी पाळले नाही म्हणून त्यांचे व्रत मोडले. हिशेब असा सरळ आहे, आणि तो मला टाळता येत नाही.

‘तो काही करत नाही’ हे वाक्य आपण जरा तपासून पाहू. हे वाक्य खोटे नाही. सांगणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले तर ते खरेच आहे. त्याने त्या कुत्र्याला पिलू असल्यापासून पाहिले आहे, त्याच्या शेपटीचा, कानाचा, आवाजाचा अर्थ त्याला कळतो. पण समोरून येणाऱ्या माणसाला यातले काय ठाऊक? त्याला फक्त अंगावर येणारे जनावर दिसते. कदाचित लहानपणी त्याला कुत्रा चावलेला असेल. कदाचित त्याच्या कडेवर मूल असेल. कदाचित तो प्लास्टर बसलेल्या हाताने घरी परतेल. म्हणजे ‘तो काही करत नाही’ असे म्हणताना आपण समोरच्याला सांगत असतो की तू माझ्या डोळ्यांनी पाहा. भूतदयेचा मार्ग याच्या अगदी उलट आहे. तिथे दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपण पाहायचे असते.

गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शी ज्ञानी पुरुषाचे वर्णन करताना भगवंतांनी विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती यांच्या ओळीत कुत्र्याचे नाव घेतले आहे. कुत्र्यावर प्रेम करणाऱ्यांना हे फार आवडते, मलाही आवडते. पण समदृष्टी म्हणजे सगळ्यांकडे सारखे पाहणे. माझ्या कुत्र्यात देव पाहिला आणि त्याला भिणाऱ्या म्हातारीत तो पाहिला नाही, तर ती समदृष्टी नव्हे, ते ममत्व. ममत्व वाईट असते असे नाही. घर त्यावरच चालते. पण त्याला भूतदया हे नाव देऊन आपण स्वतःलाच फसवू नये. माउलींनी पसायदानात जीवांची मैत्री मागितली आहे ती आपसांतली, सगळ्यांची सगळ्यांशी. माझी आणि माझ्या मोत्याची मैत्री एवढ्याने ते मागणे पुरे होत नाही.

आता ‘सगळे’ म्हणजे कोण कोण, हे आपल्याच मुलखात पाहू. आपल्या फिरण्याच्या वाटांवर माणसांखेरीजही पुष्कळ जीव आहेत, आणि त्यांना तर ‘घाबरू नका’ हेही कळत नाही.

कासवाचेच घ्या. देवळात शिरताना सभामंडपातल्या कासवाला हात लावून आपण पुढे जातो. त्याचेच जातभाई आपल्या किनाऱ्यावर येतात. वेळास, आंजर्ले, गुहागर, मालगुंड, गावखडी अशा कितीतरी ठिकाणी ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत चढते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात परत जाते. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हे चालते. अंड्यातून पिले बाहेर यायला 45 ते 55 दिवस लागतात. संतवाङ्मयात कासवीचा दृष्टांत वारंवार येतो. ती पिलांना नुसत्या नजरेने वाढवते, असे त्यात सांगितलेले असते. आपल्या किनाऱ्यावरची ही आई मात्र अंडी घालून निघून जाते. मागे राहते ती वाळू आणि वाळूत गाडलेला तिचा ठेवा. त्याचा वास लागतो कोल्ह्यांना, रानडुकरांना आणि कुत्र्यांना.

मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली कासव संवर्धनाचे काम सुरू केले. गावकरी पहाटे किनाऱ्यावर फिरतात, मादीच्या पायांच्या खुणांवरून घरटे शोधतात, अंडी काढून जाळीच्या कुंपणात तशीच वाळूत पुरतात आणि पिले बाहेर आली की समुद्रात सोडतात. पुढे जिल्ह्यातल्या इतर गावांनीही हे काम उचलले. जाळीचे कुंपण कशासाठी, तर खणणाऱ्या जनावरांपासून रक्षणासाठी. आता सांगा, एका गावातली माणसे कासवाची अंडी वाचवण्यासाठी पहाटे उठतात आणि त्याच पहाटे आपण आपला कुत्रा त्याच किनाऱ्यावर मोकळा सोडून मोबाइलमध्ये पाहत चालतो, हे दोन्ही एका देवाला कसे पोचावे? कासवी निघून गेली आहे. नजर ठेवायची ती आता तिथे असलेल्या माणसाने.

किनारा सोडून सड्यावर चला. आपले जांभ्याचे सडे परक्याला उजाड वाटतात. पावसाळ्यानंतर ते फुलांनी भरतात, आणि याच कातळावर आपल्या पूर्वजांनी कोरलेली कातळशिल्पे आहेत. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू ही नावे आता दूरदूरच्या लोकांना माहीत झाली आहेत. ती पाहायला मंडळी येतात, बरोबर कुत्रेही आणतात. त्या उघड्या कातळावर टिटवी अंडी घालते. घरटे म्हणाल तर चार खडे बाजूला सारलेले, बस्स. अंड्यांचा रंग इतका दगडासारखा की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. कुत्रा जवळ आला की टिटवी ओरडत वर उडते, डोक्यावर घिरट्या घालते, आपल्याकडे लक्ष ओढून त्याला दूर नेऊ पाहते. आपल्याला वाटते, काय गंमत करतो आहे आमचा मोत्या, पक्ष्याशी खेळतो आहे! ती आई मात्र खेळत नसते. उन्हाने तापलेल्या कातळावर तिला अंड्यांपासून जितका वेळ लांब राहावे लागेल, तितका त्यांना धोका वाढतो.

रत्नदुर्गावर भगवतीच्या दर्शनाला जाताना किंवा झाडीतल्या एखाद्या पाखाडीने उतरताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या जिल्ह्यात बिबट्याचा वावर आहे, आणि कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य. भक्ष्याच्या मागे वस्तीत शिरलेला बिबट्या विहिरीत पडल्याची बातमी आपण किती वेळा वाचतो! तिन्हीसांजेला रानवाटेवर पुढे पुढे धावणारा मोकळा कुत्रा स्वतःचा जीव धोक्यात घालतोच, पण घाबरून तो मालकाकडे परत धावतो तेव्हा मागे काय लागले आहे ते सांगता येत नाही.

आणि शेवटी आपले पाय. वारकरी अनवाणी चालतो. देवळात आपण अनवाणी, प्रदक्षिणेत अनवाणी, पुष्कळ जण दिंडीतही अनवाणी. कुत्र्याच्या पोटात हूकवर्म नावाचे जंत असतील तर विष्ठेतून त्यांची अंडी वाळूत, मातीत पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या माणसाच्या उघड्या कातडीत शिरतात आणि कातडीखाली सरकत तांबड्या, खाजऱ्या रेघा उठवतात. गोल जंतांची अंडीही अशीच मातीत राहतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातातून पोटात जातात. म्हणजे बागेत किंवा किनाऱ्यावर आपल्या कुत्र्याने केलेली घाण आपण तशीच सोडून गेलो, तर ती त्याच वाटेने चालणाऱ्या भाविकाच्या पायाखाली येते. संत गाडगे महाराज, ज्यांनी 20 डिसेंबर 1956 रोजी देह ठेवला, ते गावात आले की आधी खराटा हातात घेत, दिवसभर गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. आपल्या कुत्र्याची विष्ठा कागदात किंवा पिशवीत उचलायला ज्याला लाज वाटते, त्याने त्या खराट्याची आठवण करावी. आपण उचलली नाही तर नगरपरिषदेचा झाडूवाला उचलणार आहे. त्याच्यातही देव आहे ना?

येथे कोणी शंका घेईल, आणि शंका रास्त आहे. “महाराज, तुम्ही तर कुत्र्याला जन्मभर साखळीला बांधा असे सांगता आहात. मुक्या जिवाला मोकळे धावावेसे वाटते. त्याला बांधून ठेवणे ही कसली दया?”

नाही माउली, मी तसे म्हणत नाही. कायमचे बांधून ठेवणे हेही न पाळणेच आहे. सरकारने केलेल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात सदैव साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे, त्याला अन्नपाणी व आसरा न देणे, उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत त्याला सोडून देणे, हे सारे गुन्हे म्हटले आहे. दुसरीकडे, आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून काळजी न घेणे हाही भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमाखाली गुन्हा आहे. म्हणजे कायद्यानेही दोन्ही टोके धरून ठेवली आहेत. कोंडू नका आणि वाऱ्यावरही सोडू नका. पण आपण कायद्याच्या भीतीने वागणारी माणसे नव्हे. आपल्याला याचे उत्तर वारीतच मिळते.

माउलींच्या पालखीतला अश्व आठवा. आळंदीहून निघाल्यापासून तो सोहळ्याबरोबर चालतो. लाखो माणसांच्या गर्दीत, टाळमृदंगांच्या गजरात, त्याचा लगाम धरलेला असतो आणि तो पावलाला पाऊल लावून चालतो. मग येते रिंगण. तरडगावजवळ चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते, पुढे पुरंदवडे येथे गोल रिंगण. माणसे बाजूला होतात, वाट मोकळी केली जाते, चोपदार सारे पाहून घेतात, आणि मग अश्व सुटतो! काय तो वेग, काय तो आनंद! धावून गेला की त्याच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. रिंगणाबाहेर तो पुन्हा लगामात येतो. त्या लगामाला आजवर कोणी क्रौर्य म्हटले आहे काय? तसेच, गर्दीत अश्व मोकळा सोडण्याला कोणी दया म्हणेल काय?

कुत्र्याचेही असेच आहे. त्याला धावायला मिळालेच पाहिजे, रोज मिळाले पाहिजे. पण त्याचे रिंगण आपण आधी आखले पाहिजे. आपले कुंपणाचे आवार असेल, मालकाने परवानगी दिलेली बंदिस्त बाग असेल, मोकळ्या जागी लांब दोरी असेल. बाकी सार्वजनिक वाटेवर, बागेत, किनाऱ्यावर, किल्ल्यावर, सड्यावर तो आपल्याबरोबर पट्ट्यात चालेल. समोरून कोणी आले तर आपण वाटेच्या कडेला व्हायचे, पट्टा आखूड धरायचा, कुत्र्याला बसवायचे आणि समोरच्याला आधी जाऊ द्यायचे. दिंडीत आपण हेच तर शिकतो, दुसऱ्याच्या पावलाला जागा देत चालणे. आणि पट्टा काही एकट्या कुत्र्यालाच बांधत नाही. त्याचे एक टोक त्याच्या गळ्यात असते आणि दुसरे आपल्या मुठीत. तो धरला आहे तोवर आपल्यालाही मोबाइल खिशात ठेवावा लागतो, डोळे उघडे ठेवावे लागतात, त्याच्या चालीने चालावे लागते. आपण गळ्यात तुळशीची माळ घालतो तेव्हा कोणी आपल्याला बांधले असे म्हणतो का? आपणच स्वखुशीने एक मर्यादा स्वीकारलेली असते.

दुसरी शंका अशी येईल की, रस्त्यावर इतके भटके कुत्रे मोकळे फिरतात, मग माझ्या एकट्याच्या पट्ट्याने काय होणार? याला माझे उत्तर असे की भटक्या कुत्र्यांची चिंता साऱ्या गावाने मिळून करायची आहे. त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्यांच्याच जागी परत सोडावे, असे केंद्र सरकारचे 2023 चे नियम सांगतात. त्यांना खाऊ घालायची जागाही मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून आणि येण्याजाण्याच्या दारापासून दूर असावी, असे तेच नियम म्हणतात. जो त्यांना रोज अन्न घालतो त्याने त्यांच्या लसीचीही विचारपूस केली, तर त्याचे अन्नदान पूर्ण होईल. पण पाळलेल्या कुत्र्याचे तसे नाही. त्याला आपण संकल्प करून घरी आणले आहे. शेजारी एकादशी पाळत नाही म्हणून आपण आपली मोडतो का?

शिवाय भटके कुत्रे येतात कोठून, हेही पाहावे. कोणी हौसेने पिलू आणतो, बर्फाळ मुलखातला दाट केसांचा कुत्रा कोकणच्या दमट उकाड्यात आणून ठेवतो, हौस फिटली की लांबच्या रस्त्यावर नेऊन सोडतो. कोणी गणपतीत गावी येतो, घर राखायला म्हणून कुत्रा ठेवतो आणि दाराला कुलूप लावून मुंबईला परत जातो. महाभारताच्या अखेरीस धर्मराज युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात उभा होता. बरोबर चालत आलेल्या कुत्र्याला सोड आणि आत ये, असे त्याला सांगितले गेले, तर त्याने स्वर्ग नाकारला, कुत्रा नाही. आपण एका कुलपासाठी तो सोडतो.

वारीच्या वाटेवर एखादा कुत्रा दिंडीबरोबर चालू लागतो. आपल्याला भरून येते, आपण बिस्किटे टाकत त्याला मुक्कामामागून मुक्काम पुढे नेतो. त्याचा शेवट काय होतो याचा विचार करावा. आपण पंढरीहून गाडीने घरी येतो आणि तो परक्या मुलखात, परक्या कुत्र्यांच्या हद्दीत एकटा उरतो. त्याला पाणी द्या, भाकरी द्या, पण त्याच्या गावाच्या वेशीवरूनच त्याचा निरोप घ्या. घरी नेणार असाल, तरच पुढे न्या.

रेबीजबद्दल दोन शब्द बोलल्यावाचून हा विषय संपवता येत नाही. हा रोग लाळेतून येतो, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की त्यातून माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. लुई पाश्चर यांनी 1885 साली ही लस पहिल्यांदा एका मुलाला दिली आणि तो वाचला. पिलू तीन महिन्यांचे झाले की त्याला लस द्यावी आणि मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. कुत्रा चावला किंवा ओरबाडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि ताबडतोब सरकारी दवाखाना गाठावा. चुना, मिरची, हळद भरत बसू नये. अंगारा लावायचा असेल तर कपाळाला लावावा, जखमेला नव्हे. आणि इंजेक्शनाला उशीर करू नये. कुत्र्याच्या लसीचे कार्ड देव्हाऱ्याजवळच्या कॅलेंडरखाली अडकवून ठेवा. एकादशीची तारीख पाहताना तीही तारीख दिसेल.

आता त्या आजींच्या प्रश्नाकडे परत येतो. नामदेवराय का धावले? आपण म्हणतो, त्यांना कुत्र्यात देव दिसला म्हणून. ते खरेच आहे. पण दिसला आणि तिथेच हात जोडून उभे राहिले, असे कथेत नाही. ज्याला देव दिसतो त्याला जागेवर उभे राहवत नाही, त्याच्या पायांना काम लागते. त्या सकाळी मला माझ्या कुत्र्याविषयी प्रेम होते, आजींविषयी आदर होता, नामदेवरायांची कथा पाठ होती. एवढे सगळे असून मी उभा राहिलो. वीसएक पावले धावलो असतो, किंवा त्याहून सोपे म्हणजे पट्टा सोडलाच नसता, तर त्या एकादशीला त्या चंद्रभागेच्या वाळवंटात असत्या.

पुढच्या कार्तिकीला आजी पंढरीला गेल्या, पांडुरंगाची कृपा. पण त्यांची भीती गेली नाही, आणि ती जावी असा आग्रह मी धरत नाही. सकाळी किनाऱ्यावर त्या लांबून येताना दिसल्या की मी सुरूच्या बाजूला सरकतो, पट्टा हाताला गुंडाळतो आणि मोत्याला बसायला सांगतो. तो बसतो. सुरुवातीला बसत नसे, शिकायला त्याला महिनाभर लागला, आणि मला त्याहून जास्त. आजी ओल्या वाळूवरून आपल्या चालीने पुढे जातात. जाताना लांबूनच हात वर करून म्हणतात, “राम कृष्ण हरी!” ते मला असते की मोत्याला, हे मी कधी विचारले नाही.

माउली, तुमच्या घरी कुत्रा असेल तर उद्या सकाळी बाहेर पडण्यापूर्वी पट्टा, कागद किंवा पिशवी आणि सोबत नाम, एवढे घेऊन निघा. आणि समोरून कोणी आले तर त्याला ‘काही करत नाही’ असे सांगू नका. आपण आधी थांबा.

राम कृष्ण हरी!